‘सापडलं’ कधी म्हणायचं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सुरुवात एका खेळापासून आहे, पण विषय शेवटी आपल्या रस्त्याकडेच्या झाडांपाशी येतो. त्यामुळे मधेच सोडू नका.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. आपल्याकडे फार कुणी ऐकलेलं नाही. माझा भाचा दोन वर्षं नोकरीसाठी जर्मनीत होता, तिथून हा नाद लावून आला. दिवाळीत पडेगावला आमच्याकडे राहिला तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी मोबाइल ठेवून त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. कुणीतरी एक छोटी डबी कुठंतरी लपवतं. त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. बाकीचे लोक मोबाइल किंवा जीपीएसचं यंत्र घेऊन ती डबी हुडकायला निघतात. यंत्र तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत नेऊन सोडतं, पुढचं काम डोळ्यांचं. दगडाखाली, झाडाच्या ढोलीत, पुलाच्या कठड्यामागं, कुठंही असू शकते. सापडली की आतल्या वहीत आपलं नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची आणि मग ॲपवर नोंद करायची : सापडली.

बस, एवढंच. पैसे मिळत नाहीत, कप मिळत नाही. तरी जगभर लाखो माणसं हे करतात.

आता गंमत बघा. या बिनबक्षिसाच्या खेळात सगळ्यात जुना वाद कशावरून आहे? ‘सापडली’ असं नेमकं कधी म्हणायचं, यावरून.

मी आधी हसलो. म्हटलं, रिकामटेकड्यांचे उद्योग. मग भाच्यानं एकेक उदाहरण सांगायला सुरुवात केली आणि मला आपलीच कार्यालयं, आपलेच उद्घाटनाचे फोटो, आपल्याच फायली दिसायला लागल्या. म्हणून ही पोस्ट.

थोडा इतिहास. अमेरिकी लष्कर सामान्य माणसाला मिळणाऱ्या जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. १ मे २००० रोजी, म्हणजे आपण इकडं महाराष्ट्र दिन साजरा करत होतो त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक मिसळणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोनच दिवसांनी, ३ मे २००० ला, डेव्ह उल्मर नावाच्या संगणकवाल्या माणसानं ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक बादली ठेवली. बादलीत काही पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल अशा वस्तू आणि सोबत वही-पेन्सिल. जागेचे आकडे त्यानं इंटरनेटवर टाकले आणि नियम सांगितला : काही घ्या, काही ठेवा आणि वहीत लिहा. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधली. त्याच वर्षी सप्टेंबरात या खेळाची वेबसाइट सुरू झाली, तेव्हा अख्ख्या जगात नोंदलेल्या डब्या होत्या ७५.

नीट पाहिलं तर पहिल्या दिवसापासून बादलीत वही होती. म्हणजे ‘मी आलो होतो’ हे फक्त तोंडानं सांगून चालणार नाही, हे त्या माणसानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

आता वाद ऐका.

डबी झाडावर उंच टांगलेली आहे. तुम्हाला खालून स्पष्ट दिसतेय. तुम्ही फोटो काढला आणि निघालात. सापडली का? जाणते खेळाडू म्हणतात, नाही. प्रत्येक डबीला एक ते पाच असे दोन आकडे दिलेले असतात : हुडकायला किती अवघड आणि तिथवर पोचायला किती अवघड. लपवणाऱ्यानं कस चढण्यात ठेवला असेल तर नुसतं बघून तो पार होत नाही. पाहिली आणि सापडली यात सहीचं अंतर आहे.

दहा जणांची टोळी निघाली. दोघं या टेकडीवर, दोघं त्या नाल्यात, दोघं पलीकडच्या गावात. जो जिथं गेला त्यानं तिथल्या वहीत दहाही जणांची नावं लिहिली. संध्याकाळी प्रत्येकाच्या खात्यावर सगळ्या डब्या. वही भरलेली आहे, नावं खरी आहेत, तरी बहुतेक नावांचे पाय तिथं लागलेलेच नाहीत. ग्रामसभेची कोरमसाठी घरोघरी फिरवलेली वही आठवली का?

पुढचा प्रकार तर फारच ओळखीचा. शोधून शोधून डबी मिळत नाही. मग पठ्ठ्या खिशातून नवी डबी काढतो, अंदाजे जागेवर ठेवतो, तिच्यात सही करतो आणि नोंदवतो : सापडली! इंग्रजीत याला ‘थ्रोडाउन’ म्हणतात. आपल्याकडं याला नाव नसलं तरी प्रकार आहे. हरवलेली फाइल सापडत नसली की नवी तयार होते, तसं.

आणि शेवटचा, ‘आर्मचेअर लॉगिंग’. मी याला आरामखुर्चीतली नोंद म्हणतो. घरातून पाय बाहेर न काढता, दुसऱ्याच्या फोटोवरून, कुणाकडून ऐकून सातासमुद्रापारची डबी आपल्या नावावर चढवायची. हे तर उघडच खोटं. डबीच्या मालकाला, म्हणजे लपवणाऱ्याला, अधिकार असतो की ॲपवरची नावं आणि वहीतल्या सह्या ताडून बघाव्यात आणि सही नसलेली नोंद पुसून टाकावी.

पण हा खेळ नुसता कडक नाही, हेही सांगायला पाहिजे. वही पावसात भिजून लगदा झाली असेल, पेन चालत नसेल, तर? तेव्हा मालकाला उघड्या डबीचा फोटो पाठवायचा, परिस्थिती सांगायची. समजूतदार मालक नोंद राहू देतो. कारण माणूस खरोखर आला होता. वही हा पुरावा आहे, पण वहीपायी खऱ्या माणसाला खोटं ठरवायचं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? या खेळात ‘सापडली नाही’ अशीही नोंद करता येते. ती करण्यात कमीपणा नाही. उलट न केली तर तुम्ही बेजबाबदार. लागोपाठ चार-पाच जणांनी ‘सापडली नाही’ लिहिलं की मालकानं स्वतः जाऊन बघायचं : डबी गेली की काय, पुरात वाहिली की काय. गेली असेल तर नवी ठेवायची, नाहीतर तसं जाहीर करून ती नकाशावरून काढून टाकायची. लपवली आणि विसरलो, असं चालत नाही. जो लपवतो त्यानंच ती सांभाळायची, हा नियमच आहे.

मी भाच्याला म्हटलं, अरे, हा नियम इकडं लागू झाला तर निम्मे फलक उतरवावे लागतील.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी पहिल्यांदा बातमीदारीला लागलो तेव्हा आमचे जुने वार्ताहर बातमी वाचायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे : “गेला होतास का?” गेलो होतो म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असायचा. तिथं पोचल्यावर डाव्या हाताला काय होतं? विहीर होती की बोअर? शाळेला पत्रे होते की स्लॅब? हे प्रश्न बातमीत छापायचे नसायचे. ते सहीसारखे होते. जो गेला तोच उत्तर देऊ शकायचा. बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव टाकतात ना, ‘खुलताबाद, ता. १२’ असं, त्याचाही अर्थ मूळचा हाच : बातमीदार त्या गावी होता.

आज काय चाललंय ते तुम्ही वाचक रोज बघताच. प्रेसनोट व्हॉट्सॲपवर येते, तीच चार ठिकाणी चार नावांनी छापून येते. फोटोही पाठवणाऱ्यानंच दिलेला. ही आरामखुर्चीतली नोंद झाली. मी कुणा एका दैनिकाचं सांगत नाही. पगार किती, माणसं किती, पेट्रोलला पैसे कोण देतं, हे सगळं मला माहीत आहे. पण कारणं खरी असली तरी त्यामुळं न गेलेला माणूस गेलेला होत नाही.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाचा म्हणाला, “मामा, आपण पडेगावात एक डबी ठेवू या का? ॲपवर आपल्या भागात फारसं काहीच नाही.”

मी म्हटलं, ठेवू. पण कुठं? आणि तिथून आमची दोन दिवस जी चर्चा झाली ती मला या खेळाच्या शिष्टाचारापेक्षाही महत्त्वाची वाटते. कारण जर्मनीतल्या जंगलातला नियम उचलून पडेगावला चिकटवता येत नाही.

पहिली गोष्ट, छावणी. आपण लष्कराच्या शेजारी राहतो. छावणीच्या भिंतीजवळ किंवा पुलाखाली कुणी टेपनं गुंडाळलेली डबी ठेवली आणि कुणाला दिसली तर पुढं काय होईल ते सांगायची गरज नाही. हे नुसतं घाबरवणं नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका माणसाला काहीतरी ठेवताना कॅफेतल्या लोकांनी पाहिलं, पोलिसांना कळवलं, रस्ता बंद झाला आणि बॉम्बशोधक पथकानं ती वस्तू उडवून दिली. ती या खेळाची डबी होती. म्हणून खेळाचा नियम असा की जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची आणि डबीवर ती कशाची आहे ते स्पष्ट लिहायचं. लष्करी जागा, रेल्वे, विमानतळ, शाळा यांच्या आसपास तर नकोच.

दुसरी गोष्ट, लोकांचा संशय. मार्च २०१८ मध्ये शहराची कचराकोंडी झाली होती, तेव्हा आपल्या शेजारच्या मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक, लाठीमार, सगळं झालं. त्या दिवसांत अनोळखी गाडी थांबली की लोक घराबाहेर यायचे. ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही, आणि जाऊही नये. अशा ठिकाणी दोन अनोळखी पोरं मोबाइल बघत बांधाबांधानं वाकून काही शोधतायत म्हटल्यावर विचारणा होणारच. खेळाडूंच्या भाषेत, ज्यांना खेळ माहीत नाही अशा लोकांपासून डबी लपवून ठेवायची असते. मला ते पटलं नाही. शेत ज्याचं आहे त्यालाच चोरून त्याच्या बांधावर खेळायचं, हे आपल्याकडं शोभत नाही. आधी त्या शेतकऱ्याकडं जा, रामराम करा, काय आहे ते सांगा. तो हसेल, पण हाकलणार नाही.

तिसरी गोष्ट मराठवाड्याची खास : गुप्तधन. नकाशा, खूण, पुरलेलं काहीतरी हे शब्द आपल्याकडं खेळातले नाहीत. गुप्तधनाच्या नादानं पडके वाडे, जुनी देवळं, गढ्या खणल्या गेल्या आहेत. नरबळीपर्यंत प्रकार गेले, म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला. त्यात आपल्याकडं १८७८ चा एक इंग्रजांच्या काळातला कायदा अजून आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर शोधणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. भाचा म्हणाला, “आपण डबीत नऊ रुपयेच ठेवू!” हसलो दोघं. पण मुद्दा गंभीर आहे. सुदैवानं जिओकॅशिंगचा पक्का नियम आहे की खड्डा खणायचा नाही. डबी पुरायची नसते, झाकायची असते. आपल्याकडं हा नियम तिप्पट मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

चौथी गोष्ट, किल्ला. पडेगावहून दौलताबाद आठ-दहा किलोमीटर. कुणालाही वाटेल की डबी लपवायला देवगिरीसारखी जागा नाही. अंधारी आहे, खंदक आहे, बुरूज आहेत. पण तो राष्ट्रीय संरक्षित किल्ला आहे. दगड हलवणं, भिंतीच्या फटीत काही खुपसणं, नाव कोरणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी फटीत हात घालून दगड उचकटणारे दहा जण आले की भिंत ढिली होते. अशा ठिकाणांसाठी खेळातच वेगळा प्रकार आहे. डबी ठेवायचीच नाही. तिथं जाऊनच उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा. उदाहरणार्थ, अमुक दरवाजाच्या उजव्या फळीवर लोखंडी सुळे किती, ते मोजून कळवा. जो गेला तो मोजेल. डाव्या हाताला विहीर होती की बोअर, त्यातलाच हा प्रकार.

इथं मला आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी ‘सापडली’ची नोंद आठवते. २८ एप्रिल १८१९. इंग्रज फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या मागं वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्यानं काय केलं? दहाव्या लेण्यात, खांबावरच्या चित्रावर आपलं नाव, पलटण आणि तारीख खरवडली. आत तेव्हा मातीचा ढीग साचलेला होता, त्यावर उभं राहून त्यानं लिहिलं. म्हणून ती सही आज माणसाच्या डोक्याच्या वर दिसते.

या नोंदीत पुरावा एकदम पक्का आहे. नाव आहे, तारीख आहे, जागा आहे. माणूस गेला होता, शंकाच नाही. तरी दोन गोष्टी चुकल्या. एक, ती जागा त्याच्या आधी आसपासच्या लोकांना ठाऊक होतीच. त्यांनी नोंद केली नाही, एवढंच. ज्याच्याकडं नोंदवही आणि सत्ता, त्याचा शोध. दुसरी गोष्ट, सही करताना त्यानं तीच वस्तू खराब केली जी सापडल्याचा त्याला आनंद झाला होता. आज आपली पोरं किल्ल्यावर बदाम कोरून नावं लिहितात ते स्मिथसाहेबांचेच वारस. शिष्टाचार एका ओळीत सांगायचा तर : सही वहीत करा, भिंतीवर नको. तुमच्या मागून येणाऱ्याला ती जागा तुम्हाला सापडली तशीच सापडली पाहिजे.

आता मुद्द्यावर येतो.

हा खेळ ज्या तंत्रावर उभा आहे त्याच तंत्रावर आता सरकारी काम मोजलं जातं. जिओटॅग फोटो. घरकुलाचा पाया भरला, फोटो. शौचालय झालं, फोटो. झाड लावलं, फोटो. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि वेळ. त्याचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. कागदावरच्या विहिरी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. एकाच विहिरीवर तीन योजनांचे पैसे उचलायचे. आकडे आल्यावर तसं करणं अवघड झालं, हे खरं आहे.

पण फोन कुठं होता हे जिओटॅग सांगतो. काम झालं का, टिकलं का, हे तो सांगत नाही.

रोजगार हमीचं बघा. ही योजनाच आपल्या महाराष्ट्रानं देशाला दिली, १९७७ चा कायदा आपला. देशभरच्या रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो, जागा आणि वेळेसकट. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातायत, फोटोचाच फोटो काढून चढवला जातोय. फोटोचा फोटो! खेळाडूंची आरामखुर्ची ती हीच. फरक इतकाच की तिथं कुणाच्या तरी खात्यावर एक खोटी डबी चढते, इथं कुणाची तरी मजुरी उतरते.

आणि उलटंही झालं, ते जास्त वाईट. माणूस उन्हात खड्डे खणून गेला, पण रेंज नव्हती, ॲप चाललं नाही, दुसरा फोटो चढला नाही. म्हणजे वही भिजली. खेळात अशा वेळी मालक माणसाचं ऐकून घेतो. इथं ऐकून घेणारा कोण? मजूर तालुक्याला चकरा मारतो आणि त्याला सांगितलं जातं, सिस्टीम घेत नाही. खोटी नोंद पुसायची नाही आणि खऱ्या माणसाची नोंद धरायची नाही, असा दोन्हीकडून उलटा कारभार.

आता झाडं. २०१६ मध्ये राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडं लावायची मोहीम झाली. २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी. पुढं सरकार बदललं, तेहतीस कोटींचं झालं काय म्हणून आमदारांची चौकशी समिती जाहीर झाली. कोणत्या पक्षाचं बरोबर, हा आजचा विषय नाही. त्यानंतरही दरवर्षी पावसाळ्यात सगळ्याच पक्षांची, सगळ्याच कार्यालयांची झाडं लागतात. आकडे वाढत जातात आणि दरवर्षी त्याच खड्ड्यांत.

तर आम्ही काय केलं. एका कार्यालयाच्या वृक्षलागवडीची यादी माझ्याकडं होती. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण एकाला धरून बाकीच्यांना सोडल्यासारखं होईल. यादीत झाडाचं नाव, लागवडीची तारीख आणि अक्षांश-रेखांश. भाचा म्हणाला, “मामा, ही तर आयती डब्यांची यादीच आहे. चला, हुडकू.” दोन सकाळी स्कूटरवर आम्ही तेवढंच केलं.

पहिल्या जागेवर मोबाइलचा बाण नेऊन सोडला तो डांबरी रस्त्याच्या मधोमध. आसपास तीस पावलं फिरलो. नाही. नोंद : सापडलं नाही.

दुसऱ्या जागेवर लोखंडी जाळी होती, जाळीवर सौजन्याची पाटी होती, पाटीवरची नावं ठळक होती. आत वाळलेली काडी. सापडलं का? भाचा म्हणाला, डबी सापडली, वही नाही.

तिसऱ्या ठिकाणी यादीत सलग पाच झाडं होती आणि पाचही झाडांचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे. सहावा दशांश म्हणजे साधारण अकरा सेंटिमीटर. म्हणजे कागदावर पाच झाडं एका वीतभर जागेत उभी आहेत! तिथं खरोखर एक करंज होतं. एक सापडलं, चार नाही.

चौथ्या जागेवर कडुलिंब होता, छातीएवढा, टवटवीत. शेजारी चहाची टपरी. टपरीवाल्या मावशींना विचारलं, हे कोण सांभाळतं? म्हणाल्या, “कोन सांभाळतंय बाबा, कप धुतलेलं पाणी मीच टाकते त्याच्या बुडाला. शेळ्या येतात, हाकलते.” लावणाऱ्यांच्या फोटोत मावशी कुठं नाहीत. पण खेळाच्या नियमानं बघायचं तर त्या झाडाच्या मालक त्याच आहेत. कारण जो सांभाळतो तो मालक.

आणि एका वळणावर एक मोठं बहाव्याचं झाड दिसलं, आमच्या यादीत नसलेलं. शेजारच्या घरातल्या एका निवृत्त शिक्षकांनी ते लावलंय, बादलीनं पाणी घालून वाढवलंय. त्याची नोंद कुठंच नाही. अजिंठ्याच्या गावकऱ्यांसारखंच : झाड आहे, वही नाही.

मी त्या कार्यालयात जाऊन हे सांगितलं. उत्तर मिळालं, “लागवड झालीय, फोटो आहेत.” बरोबर आहे. लावताना फोटो आहे. पण आम्ही फोटो शोधायला गेलो नव्हतो, झाड शोधायला गेलो होतो.

माझं म्हणणं इतकंच आहे. ज्या खेळात कुणाचा एक रुपया अडकलेला नाही, तिथली माणसं स्वतःला तीन गोष्टी विचारतात. मी स्वतः गेलो का? दुसऱ्याला तपासता येईल अशी खूण तिथं ठेवली का? आणि मागून येणाऱ्यासाठी ती जागा होती तशी राहिली का? तिन्हीला ‘हो’ असेल तरच सापडलं. आणि जिथं आपला कररूपाचा पैसा, मजुराची मजुरी, पोरांची सावली अडकलेली आहे, तिथं मात्र एका फोटोवर ‘सापडलं’ म्हणून फाइल बंद होते.

फार मोठी यंत्रणा लागत नाही. लागवडीची यादी अक्षांश-रेखांशासकट प्रत्येक वॉर्डात उघडी लावा. वर्षभरानं त्याच जागेचा दुसरा फोटो, आणि तो लावणाऱ्यानं काढायचा नाही, दुसऱ्यानं काढायचा. शाळेच्या पोरांना द्या हे काम, आनंदानं करतील, त्यांना हा खेळच वाटेल. ‘सापडलं नाही’ हा रकाना यादीत अधिकृतपणे ठेवा आणि तो भरणाऱ्यावर डाफरू नका. चार जणांनी ‘सापडलं नाही’ लिहिलं की जबाबदार माणसानं जाऊन बघायचं, नवं रोप लावायचं किंवा आकडा कमी करायचा. आकडा कमी झाला तर आभाळ कोसळत नाही. उलट उरलेल्या आकड्यावर विश्वास बसतो.

रात्रीच्या गस्तीवरचा पोलीस बँकेच्या, सराफाच्या दारात टांगलेल्या पेटीतल्या वहीत सही करून जायचा, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. आता काही ठिकाणी तिथं कोड स्कॅन करतात. त्या वहीचा धाक चोराला किती होता माहीत नाही, पण साहेब कधीही येऊन ती वही उघडू शकतात, याचा धाक गस्तीवाल्याला होता. नोंद तेव्हाच खरी राहते जेव्हा कुणीतरी ती उघडून बघतं. आपल्या याद्या कुणी उघडतच नाही, खरा रोग तो आहे.

तेव्हा मित्रांनो, येत्या रविवारी एवढंच करा. तुमच्या गल्लीत, कॉलनीत, शाळेसमोर गेल्या पावसाळ्यात ज्या झाडाबरोबर कुणीतरी फोटो काढला होता, त्या झाडापर्यंत चालत जा. घरी बसून, शेजाऱ्याला विचारून, जुना फोटो बघून नको. स्वतः जा. असेल तर तांब्याभर पाणी घाला आणि इथं लिहा : सापडलं. जाळी असेल आणि झाड नसेल तर तसं लिहा. काहीच नसेल तर लिहा : सापडलं नाही. फांदी तोडू नका, खोडावर नाव कोरू नका, पाटीवरच्या नावांना शिव्याही देऊ नका. जागा आणि तारीख तेवढी लिहा. बाकीचं हिशेबाचं काम मी करतो आणि जिथं नेऊन द्यायचं तिथं नेऊन देतो.

पहिल्या नोंदी मी टाकतोय. करंज, एक : सापडलं. कडुलिंब, एक : सापडलं, सांभाळ मावशींचा. बहावा, एक : यादीत नाही, पण सापडलं. बाकीच्यांपुढं ‘सापडलं नाही’ लिहिलंय.